मागचं गेट आणि नकाशा

कुलकर्णी काकू बी-३०४: काल रात्री ह्यांना धाप लागली म्हणून १०८ ला फोन केला. ड्रायव्हरने मोबाइलमधला नकाशा बघून गाडी मागच्या गल्लीत घातली. गेटला कुलूप! रिव्हर्स घेऊन पुढे येईपर्यंत माझा जीव टांगणीला. आता बरे आहेत. पण गेट बंद होऊन दोन वर्षं झाली ना?

पाठक काका: किल्ली वॉचमनकडे का नाही?

सेक्रेटरी: काकांना आराम पडो 🙏 नकाशा कमिटीच्या अखत्यारीत येत नाही, कृ. नोंद घ्यावी.

गोखले सी-१०१: गेट बंद करायचा ठराव कोणी आणला होता, हे मी बोलत नाही.

नेहा ए-५०२: काकू, त्या मोबाइलमधल्या नकाशाच्या कंपनीला मी तीनदा कळवलंय. 'धन्यवाद, तपासतो आहोत' एवढंच. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून दुसरा नकाशा आहे, त्यावर मीच दुरुस्ती केली, पाच मिनिटांत. तो लोकांनीच बनवलेला आहे, २००४ पासून.

गोखले सी-१०१: म्हणजे उद्या कुणीही माझ्या फ्लॅटवर सुलभ शौचालय दाखवणार?

नेहा ए-५०२: दाखवेल, पण कोणत्या खात्यावरून कधी बदललं ते सगळ्यांना दिसतं. पुसूनही टाकता येतं.

गोखले सी-१०१: ही सोय सोसायटीच्या हिशेबाला लावा.

सेक्रेटरी: विषयाला धरून बोलावे.

पाठक काका: किल्ली वॉचमनकडे का नाही?

सावंत डी-२०३: कंपन्यांच्या साइटचं नाव नका काढू. एकदा अशाच एका साइटवर पेस्ट कंट्रोलवाला शोधला, आठवडाभर सात जणांचे फोन. घरात एवढी झुरळं नव्हती 😂

नेहा ए-५०२: दादा, अशा बऱ्याच साइट आपला नंबर चार-पाच जणांना देऊन त्यांच्याकडून पैसे घेतात. वर दिसतो तो चांगलाच असेल असं नाही, जाहिरात असते.

कुलकर्णी काकू बी-३०४: ते ठीक गं. पण ॲम्ब्युलन्सवाला तुझा नकाशा उघडतो का?

नेहा ए-५०२: नाही काकू, तिथेच अडतं. ट्रॅफिकही त्यात दिसत नाही, ते कंपनीवाल्यांना लाखो फोनांवरून कळतं. आणि आपल्या भागात भरणारी मी एकटीच. कोपऱ्यावरचं मेडिकलसुद्धा अजून टाकायचंय. मी माहेरी गेले की सगळं जिथल्या तिथे.

गोखले सी-१०१: मग फायदा काय?

नेहा ए-५०२: २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून रस्ते न् इमारती त्यात भरल्या, मदतवाल्यांनी तेच नकाशे वापरले. आपल्याकडे दहा जण तरी बसा. रविवारी शिकवते.

सावंत डी-२०३: चहा असेल तर येतो.

गोखले सी-१०१: चहा कोणत्या हेडखाली टाकणार, सेक्रेटरीसाहेब?

सेक्रेटरी: वैयक्तिक शेरे टाळावेत. मेंटेनन्स १० तारखेपर्यंत भरावा.

पाठक काका: किल्ली वॉचमनकडे का नाही?

कुलकर्णी काकू बी-३०४: अहो, कुणीतरी सांगा ना त्यांना. आहे कुणाकडे?

सेक्रेटरी: ऑफिसच्या कपाटात असावी. कपाटाची किल्ली शोधतोय.