वाळवंटातला लांबचा रस्ता : तुम्ही कुठे थांबलात?

दिवाळी उरकली की मराठवाड्यातून स्वतःची गाडी घेऊन कच्छ-जैसलमेरला जाणारे आता पुष्कळ झालेत. कन्नडचा घाट उतरून धुळे, नवापूर, सुरत, अहमदाबाद. तिथून कुणी भुजकडे वळतं, कुणी जैसलमेरकडे. उंट आणि तंबू यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्यापलीकडे गाडी कुठे थांबवलीत आणि काय मनात राहिलं, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. जैसलमेरहून बाडमेरकडे निघालं की 17 किलोमीटरवर आकल लागतं. उघड्या माळावर दगड झालेली झाडांची खोडं पडली आहेत, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची. आज सावलीसाठी खेजडीचं एखादं झाड शोधावं लागतं, त्याच जागी एकेकाळी जंगल होतं. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात, याचं फार वाईट वाटतं.

लातूर जिल्हा, शेती

2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते बघितलेली आम्ही माणसं. त्यामुळं जैसलमेरला गेलो तरी नजर सारखी पाण्याकडंच जायली होती. तिथं वर्षाला 200 मिलिमीटरच्या आत पाऊस, आपल्याकडं त्याच्या तिपटीहून जास्त. तरी तिथं पूर्वीपासून नुसत्या पावसावर गहू-हरभरा निघत आला. कसा, ते खडीन, म्हणजे बांध घालून पाणी मुरवलेलं तिथलं शेत, बघितल्यावर उमगलं.

कुलधरा गावात लोक भुताच्या गोष्टीसाठी जातात. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडलं, आणि गाईड दिवाणाच्या जुलमाची कथा रंगवून सांगतात. माझ्या मते पालीवालांची थोरवी त्या पडक्या घरांत नाही, त्यांच्या या खडीन शेतीत आहे. खडकाळ उतारावरून वाहून आलेलं पाणी खोलगट जागी अडवायचं, खालच्या अंगाला मातीचा लांब बांध, जादा पाण्याला सांडवा. पावसाळाभर पाणी तिथंच मुरतं, सोबत गाळ बसतो. थंडीच्या तोंडावर पाणी ओसरलं की त्या ओलीवर पेरणी. वरून पाणी द्यायचं नाही.

बांधावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, वरचा एवढा उतार पडीक का ठेवला? तो म्हणाला, तो नांगरला तर खाली पाणी कुठून येईल? आपण माळाचा शेवटचा तुकडासुद्धा नांगराखाली आणला आणि बोअर खोल-खोल नेत बसलो. लई जिवाला लागलं ते. शेती करणाऱ्यानं किल्ल्याचा वेळ थोडा कमी करावा, पण खडीन बघावंच.

धाराशिव

जैसलमेरकडच्या सम गावाजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कात दुर्बिणीतून माळढोक दिसला. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. आपल्या शेजारच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण तिथे तो दिसणं आता जवळपास संपलंय. विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात. त्या माळावर तारा बघितल्या की राग येतो.

औसा तालुका

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी शाळकरी होते. म्हणून भुजला पोहोचल्यावर पहिल्यांदा भुजिया डोंगरावरच्या स्मृतिवनात गेलो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात गेलेल्यांची नावं तिथे पाणी अडवायच्या बंधाऱ्यांवर लावली आहेत. ओळखीचं एकही नाव नव्हतं, पण वाचणं सोडवेना. आई प्रत्येक नावापुढे हात जोडत होती.

एक महत्त्वाचं. संग्रहालयात भूकंपाचा धक्का अनुभवायला देणारं दालन आहे. किल्लारी भागातल्या वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर तिथे काय होतं ते त्यांना आधीच सांगा. आई आत आली नाही, आणि आम्ही आग्रह केला नाही.

नांदेड

कच्छमधलं लखपत चुकवू नका. 1819 च्या भूकंपानंतर सिंधूचं पाणी फिरलं आणि हे भरभराटीचं बंदर रिकामं झालं. तट मात्र अजून उभा आहे. आत साधासा गुरुद्वारा, गुरू नानकांच्या पादुका जपलेल्या. सचखंडाच्या गावातून आलोय म्हटल्यावर सेवेकऱ्यानं आग्रहानं लंगरला बसवलं.

माहूर

कच्छमधल्या काळ्या डुंगरावर, म्हणजे डोंगरावर, दत्ताचं देऊळ आहे. आरतीनंतर कोल्ह्यांसाठी भाताचा प्रसाद ठेवतात. दत्ताच्या गावच्या माणसाला आणखी काय हवं!

जालना, ड्रायव्हर

गाडी चालवणाऱ्यांसाठी सांगतो. जैसलमेरहून सरहद्दीकडं तनोट-लोंगेवाला करणार असाल तर रामगढला टाकी भरून घ्या. वारा सुटला की वाळू डांबरावर येते. तिथं वेग कमी करा, कडेच्या भुसभुशीत वाळूत चाक घालू नका. अंधारात गाई आणि उंट रस्त्यावरच असतात, तेव्हा दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा. कच्छच्या रणात मिठाचा थर वरून टणक दिसतो, खाली चिखल असतो. गाडी रस्त्यावरच ठेवा.

खावड्याहून धोळावीराचा रस्ता सकाळी धरा. दोन्ही बाजूंना पांढरं रण लागतं, आणि पुढं धोळावीरातले हडप्पाकालीन शहराचे अवशेष बघायला उजेड उरतो. लातूरच्या भाऊंनी तर तिथले हौद बघाच. साडेचार हजार वर्षांपूर्वी मनहर आणि मनसर या दोन नाल्यांचं पावसाळी पाणी वळवून भरलेले, त्यातले काही खडकात कोरलेले. तिथं अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा.