लव्हाळा ‘फुलतो’ का?

माणदेशी:
मुलाच्या वहीत ‘सपुष्प वनस्पती’ खाली बाभूळ आणि लव्हाळा शेजारी-शेजारी आहेत. बाभळीचं पटतं, दहिवडीच्या वाटेला पिवळे गोंडे सगळ्यांनी बघितलेत. पण लव्हाळा फुलला, असं कुणी म्हणतं का?

कृष्णाकाठ:
म्हणत नाहीत, पण फुलतो. आमच्या वाळवा भागात उसात लव्हाळा माजला की शेंड्याला तांबूस तुरा दिसतो, तो त्याचा फुलोरा. तुऱ्यातल्या एकेका काडीवर बारीक खवल्यांच्या दोन रांगा, एकेका खवल्याच्या बगलेत एक फूल. त्यात तीन पुंकेसर आणि तीन फाट्यांचा किंजल्क (पराग झेलणारं टोक), बस्स. पाकळी नाही. परागण वाऱ्यावर होतं, मग नटायचं कुणासाठी?

माणदेशी:
म्हणजे गवतच की.

कृष्णाकाठ:
नव्हे. दांडी बोटांत फिरवून बघा, तिधारी लागते. हरळीची तशी लागणार नाही. पानंही तीन रांगांत. तणनाशकसुद्धा वेगळं मारावं लागतं, आणि खुरपून तर काहीच होत नाही, गाठी जमिनीत राहतात. त्याच गाठी काष्ठौषधीच्या दुकानात ‘मोथा’ म्हणून विकत मिळतात!

वाईकर:
बाभळीचा गोंडाही एक फूल नव्हे हो, बारक्या फुलांचा झुबका आहे. पाकळ्या असतात पण इवल्या, पिवळं दिसतं ते पुंकेसरांमुळं. तिच्याकडं किडे येतात, पुढं शेंग धरते. ती द्विदल, हरभऱ्याच्या कुळातली. लव्हाळा एकदल. जाता जाता, २००५ च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ‘अकेशिया’ हे बाभळीचं जुनं शास्त्रीय नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडं राहिलं, आपली बाभूळ आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’. शेळ्यांना अजून कळवलेलं नाही.

माणदेशी:
मग लिहायचं कसं?

कृष्णाकाठ:
आपल्याकडं आंबा मोहरतो, ज्वारी निसवते, उसाला तुरा येतो. यांतलं काही ‘फुललं’ असं कुणी म्हणत नाही, तरी सगळे सपुष्पच. म्हणून ‘सपुष्प’ला ‘फुलझाड’ हा पर्याय देऊ नका. बाभूळ फुलली, लव्हाळ्याला तुरा आला. शास्त्रीय लिहायचं तर बाभळीच्या गोंड्याला ‘स्तबक’, लव्हाळ्याच्या तुऱ्यातल्या एकेका काडीला ‘कणिशक’.

माणदेशी:
आणि ओढ्यातलं पाणकणीस? ते लव्हाळ्यात धरू?

वाईकर:
नको. त्याचं कूळ निराळं, दांडीही गोल.