संशोधनाच्या कोडसाठी ऑटोमेटेड टेस्टिंग: लॅबच्या सर्व्हरवर जेनकिन्स की गिटहब ॲक्शन्स?

प्रश्न: नागपुरात पीएचडी करतेय. काटोल-नरखेडच्या संत्राबागांना रोज किती पाणी लागेल ते काढणारं मॉडेल पायथनमध्ये आहे, मातीतल्या ओलाव्याचा भाग जुन्या फोरट्रानमध्ये. कोडला तिघांचे हात लागतात. कोणाच्या बदलानं आकडे हलले ते फार उशिरा कळतं. गाईड म्हणतात लॅबमध्येच जेनकिन्स टाक (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारं, स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं सॉफ्टवेअर). गिटहबवरची रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) सध्या खाजगी आहे, पेपर आला की खुली करणार. पूर्ण हंगामाचा रन काही तास चालतो. ते निवडू की गिटहब ॲक्शन्स (तेच काम गिटहबच्या मशीनवर)?

उत्तर: ताई, जेनकिन्सला सांभाळणारं माणूस लागतं. प्लगइन, जावा, बॅकअप, हे सगळं तुम्ही पीएचडी करून गेल्यावर कोण पाहणार? त्यात मे महिन्यात लाइट गेली की एसी बंद, सर्व्हरही बंद. ॲक्शन्स घ्या. मोफत खात्यावर खाजगी रिपॉझिटरीला महिन्याला २००० मिनिटं मिळतात. गिटहबच्या मशीनवर एक जॉब ६ तासांवर जात नाही, म्हणून दर पुशला (बदल गिटहबवर चढवला की) आठवडाभराचाच डेटा चालवा, पूर्ण हंगाम रात्री लॅबमध्ये.

पण टूलपेक्षा टेस्टमध्ये काय तपासता हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आजचं आउटपुट साठवून उद्याच्याशी जुळवलं, तर आजची चूकही जपली जाते. बाष्पोत्सर्जनासाठी (माती आणि पानांतून उडून जाणारं पाणी) एफएओ-५६, म्हणजे अन्न व कृषी संघटनेच्या पिकांच्या पाण्यावरच्या पुस्तकातलं, सोडवलेलं उदाहरण घ्या: ब्रुसेल्सजवळचं उक्ल, ६ जुलै, कमाल २१.५, किमान १२.३ अंश, उत्तर दिवसाला ३.९ मिमी. त्यात वारा १० मीटर उंचीवर मोजलेला आहे, सूत्राला २ मीटरचा लागतो. १० मीटरवरचा ताशी १० किमीचा वारा २ मीटरवर सेकंदाला सुमारे २.०८ मीटर होतो. ही पायरी कोडमध्ये सुटली असेल तर लगेच दिसेल. वाऱ्याची वेगळी टेस्टही लिहाच.

दुसरं उत्तर: सहमत. फक्त दशांश आकडे == नं तुलना करू नका, कंपायलर बदलला की शेवटचे अंक हलतात. पायटेस्ट या पायथनच्या टेस्टिंग टूलचं ॲप्रॉक्स वापरा. वेगळी मर्यादा दिली नाही तर ते दहा लाखात एक एवढा फरक चालवून घेतं. पुस्तकातलं उत्तर एकाच दशांशापर्यंत आहे, तिथं ०.०५ द्या. टेस्ट पडली म्हणून ही मर्यादा वाढवायची नाही, आधी कारण शोधायचं.

प्रश्नकर्ती: लॅबचं मशीन ॲक्शन्सलाच रनर (टेस्ट चालवणारं मशीन) म्हणून जोडलं तर?

पहिलं उत्तर: खाजगी आहे तोवर चालेल. खुली करण्याआधी काढा. नाहीतर कोणीही फोर्क करून (कोडची आपली प्रत घेऊन) पुल रिक्वेस्टमधून (बदल सुचवायची विनंती) तुमच्या मशीनवर आपला कोड चालवू शकतो. शिवाय खुल्या रिपॉझिटरीला गिटहबचे साधे रनर मोफतच आहेत.