झेब्रा फिंचला बेंगाली फिंचसोबत ठेवताना घरटं काढून टाका
बेंगाली फिंच (पिंजऱ्यात पाळतात ते छोटे पक्षी) शांत असतात, म्हणून एकट्या राहिलेल्या झेब्रा फिंच नराला त्यांच्या जोडीसोबत ठेवा, हा सल्ला मला अर्धाच पटतो. बेंगाली शांत असतातच, पण झेब्रा नसतो! माझ्या नराची मादी गेल्यावर मीही हेच केलं. दिवसभर सगळं ठीक चालायचं. संध्याकाळ झाली की भांडण सुरू, कारण बेंगाली जोडी घरट्यात एकमेकांना चिकटून झोपायची आणि हा आत घुसून त्यांनाच बाहेर काढायचा. चार दिवसांत बेंगाली मादीच्या पाठीची पिसं गेली. मग घरटं काढलं, एकाच उंचीवर दांड्या लावल्या, कांगणीची (राळ्याच्या दाण्यांची) भांडी दोन टोकांना ठेवली, आणि मारामारी थांबली. तरी तो त्यांच्यात मिसळला नाही. शेवटी झेब्रा मादी आणली (नवा पक्षी आधी महिनाभर वेगळा ठेवा), तेव्हाच त्याचं एकटेपण संपलं.

आणि सोबतीला बाजारातली लाल मुनिया आणायचा विचार कृपया सोडा. ती आपल्याकडची रानपाखरं आहेत, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ती पाळायला बंदी आहे.