फेच सोडून के-वाय घ्यावं का?

खानापूरकर: शहापुरात मामाचं कुंद्याचं दुकान आहे. त्यांच्या ऑर्डरचं पान मी साध्या फेचवर (fetch, सर्व्हरला विनंती पाठवणारं ब्राउझरचं स्वतःचं फंक्शन) केलंय. परवा सर्व्हर ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) देत होता, तरी पानावर ठळक अक्षरांत "ऑर्डर मिळाली"! गिऱ्हाईक दोन किलो कुंदा न्यायला दारात, आणि मामा माझ्याकडे बघतोय. चूक झाली तर पकडायला कॅच (catch) लिहिला होता, तो चाललाच नाही. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात रेंज येते-जाते. विनंत्या पाठवायची ॲक्सिओस (Axios) लायब्ररी जड वाटते, म्हणून के-वाय (Ky) ही लायब्ररी घ्यावी का?

निपाणीचा पोरगा: काय करूलालास बाबा! ४०४ (पान सापडलं नाही) असो वा ५००, उत्तर आलं की फेचच्या लेखी काम झालं. कॅचमध्ये जातो तो नेटवर्क तुटल्यावर. उत्तर यशस्वी आहे का ते सांगणारं 'रिस्पॉन्स डॉट ओके' (response.ok) तपासलंस का? एवढ्यासाठी लायब्ररी नको.

टिळकवाडी: ओके तपासणं बरोबर, पण प्रत्येक ठिकाणी कोण लक्षात ठेवणार? मी तरी विसरतो. के-वाय फेचवरच बांधलेलं आहे. अशा उत्तरांवर ते स्वतःच एरर फेकतं, १० सेकंदांत उत्तर नाही आलं तर थांबतं, आणि गेट (माहिती मागवणारी) विनंती फसली तर आणखी २ वेळा प्रयत्न करतं. पोस्ट (ऑर्डरसारखी माहिती पाठवणारी विनंती) मात्र आपणहून परत पाठवत नाही. पोस्टला ते परत पाठवणं चालू करू नकोस, नाहीतर रेंज गेल्यावर एकाच गिऱ्हाइकाच्या तीन ऑर्डरी पडतील.

खानापूरकर: ओके तपासलंच नव्हतं. मालाच्या यादीला के-वाय लावतो, ऑर्डरचं बटण एकदा दाबल्यावर बंद करतो. मामाला अजून सांगितलेलं नाही चूक कुणाची ते.