पुढची काच घरी बदललीये का कुणी? अनुभव लिहा

घाटवाट
आज पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या गाडीची पुढची काच बदलायला माणूस आला होता, ते बघताना बाबा आणि काकांनी साताऱ्याला अंगणात आमच्या मारुती ८०० ला काच बसवलेली आठवली. रबराचं बीडिंग काचेला चढवायचं, त्याच्या खाचेत सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, मग एकजण बाहेरून काच दाबून धरणार नि दुसरा आतून सुतळी ओढत जाणार, की रबराची कड बरोबर पत्र्यावर चढते. इतकं सुंदर काम! आता चिकटवलेल्या काचा असतात, त्या कुणी घरी बदलल्यात का?

सुतारपक्षी
सुतळीपेक्षा नायलॉनची दोरी बरी, छान सरकते.
चिकटवलेली बदललीये, भावासोबत. एकजण आत एकजण बाहेर, मधे तार, करवतीसारखी ओढत जुना पीयू (काच चिकटवायचा पॉलियुरेथेन गोंद) कापायचा. जाड हातमोजे नि चष्मा हवाच, काचेचा भुगा उडतो. फ्रेमवरचा पीयू पूर्ण खरवडू नका, एक-दोन मिलिमीटर थर राहू द्या, नवीन त्यावरच नीट धरतो. पत्र्याला ओरखडा गेला तर प्रायमर, नाहीतर गंज धरतो.

रातराणी
कुकर लावलाय, घाईत लिहिते. सिलिकॉनने बसवू नका प्लीज!! दिरांना एका गॅरेजवाल्याने तशी बसवून दिली, पहिल्याच पावसात पाणी आत. पाण्याचं एक सोडा, पण डावीकडची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत ह्याच काचेला टेकून फुगते, काच सुटली तर ती बॅग काय वाचवणार?

मी_डोंबिवलीकर
बापरे ताई, हे माहीतच नव्हतं

कांदेपोहे
आमची डंपरमधून उडालेल्या खडीने गेली. अंतर ठेवा रे डंपरपासून. घाटवाट, साताऱ्यात कुठे? माझं आजोळ करंजे

घाटवाट
अरे वा, आम्ही शाहूपुरी! दिवाळीत आलास तर कळव

सुतारपक्षी
एक राहिलं. लगेच गाडी काढू नका, पीयू हवेतल्या दमटपणाने हळूहळू घट्ट होतो, किती वेळ थांबायचं ते पाकिटावर असतं, तेवढं थांबायचंच. एक खिडकी थोडी उघडी ठेवा, दार आपटलं की आतल्या हवेच्या दाबाने ओली काच सरकते. काचेमागे एडासचा (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल तर घरी नकोच, कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे कॅमेरा परत अचूक जुळवावा लागतो.

मी_डोंबिवलीकर
इन्शुरन्समध्ये काचेवर घसारा कापत नाहीत ना? पण क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो म्हणून विचारात पडलोय. आणि फास्टॅग जुन्या काचेवरून काढून लावता येतो का?

रातराणी
नाही, काढताना फाटतो. बँकेकडून नवा घ्या