'मर्चंट बँकर' : सावकार, सराफ की पेढीवाला?

प्रश्न : ब्रिटिश राजकारणी जॉर्ज गोशेन (१८३१–१९०७) यांच्या चरित्रलेखात 'मर्चंट बँकर'ला काय म्हणावे? 'व्यापारी बँकर' चालेल?

उत्तर : नको. 'व्यापारी बँक' म्हणजे ठेवी घेणारी, कर्ज देणारी नेहमीची बँक, हा अर्थ पाठ्यपुस्तकांनी पक्का केला आहे. 'सराफ' म्हटले की आज दागिनेच आठवतात. सावकार तर स्वतःचा पैसा कर्जाऊ देतो. गोशेन घराण्याची लंडनमधली 'फ्र्यूलिंग अँड गोशेन' ही पेढी हुंड्या (ठरल्या मुदतीला पैसे देण्याचे लेखी आदेश) सकारायची, म्हणजे पैसा नव्हे, पत पुरवायची. माल पाठवणारा पेढीवर, समजा, तीन महिन्यांची मुदती हुंडी लिहितो. पेढी हुंडीवर आडवी सही करते, कमिशन घेते. त्या सहीच्या जोरावर हुंडी वटाव (मुदतीपर्यंतच्या व्याजाची रक्कम) कापून लगेच विकता येते. मुदतीआधी मालाचे पैसे पेढीत भरायचे. ते आले नाहीत तर पेढीला पदरचे मोजावे लागतात. म्हणून 'हुंड्या सकारणारे पेढीवाले' लिहा. लांब आहे, पण नेमके आहे.

पुरवणी : 'सकारणे' आणि 'वटवणे' यांची गल्लत फार होते. सकारणारा मुदतीला पैसे देण्याची जबाबदारी घेतो. वटवणारा आजच रोख देतो. १० मे १८६६ रोजी कोसळलेली लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी वटवणाऱ्यांतली. गोशेनना त्या रांगेत बसवू नये.

आणखी एक : त्यांचे १८६१चे पुस्तक 'परकीय चलना'वरचे नव्हे, 'परकीय हुंडणावळी'वरचे म्हणा. त्यात परदेशी हुंड्यांचा भाव का चढतो-उतरतो हे आहे. हुंडीचा भाव तिच्या सोन्यातल्या मूल्यापेक्षा सोने पाठवण्याचे भाडे आणि विमा यांहूनही जास्त चढला की व्यापारी सोनेच पाठवतो. भावाची मर्यादा तिथे ठरते. 'हुंडणावळ' हा जुना मराठी शब्द इथे चपखल बसतो.

प्रश्न : आणि १८८७ सालचे 'चॅन्सेलर' पद?

उत्तर : अर्थमंत्री. 'कुलपती' लिहिले तर ते विद्यापीठात जाऊन बसतील! त्याच पदावर असताना १८८८ साली त्यांनी सरकारी कर्जाचे व्याज ३ टक्क्यांवरून पावणेतीनवर आणले, १९०३पासून अडीच ठरवले. याला 'कर्जरूपांतर' म्हणावे. 'कर्जमाफी' साफ चूक.

लंडनची बेअरिंग ही पेढी १८९० साली अडचणीत आली, त्या प्रकरणातही 'दिवाळे' शब्द टाळा. मालमत्ता देण्यापेक्षा जास्त होती, पण अर्जेंटिनाच्या रोख्यांत अडकलेली. बँक ऑफ इंग्लंडच्या पुढाकाराने सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांचा हमीनिधी उभा राहिला. 'रोकड अडकली' एवढेच खरे.